फोन नंबरांचा कॉलम पुन्हा पुन्हा बिघडतो, त्याचा एकदाचा बंदोबस्त

यादी तीच, माणसं तीच, तरी दर खेपेला एक्सेलमध्ये फोन नंबरांचा कॉलम उघडला की त्यात काहीतरी नवं निघतं. कुठे सुरुवातीचं शून्य गळालेलं, कुठे ९.११२३५ई+११ असलं न कळणारं प्रकरण, कुठे चक्क उणे चिन्ह लागलेला नंबर. रात्री बसून सगळं हाताने नीट करावं, फाइल पुढे पाठवावी, आणि महिन्याभराने तीच फाइल परत आली की पहिल्यापासून सुरू. मी बरीच वर्षं सभासदांच्या याद्या सांभाळतोय. हा त्रास फॉर्म्युला येत नाही म्हणून होत नाही. आपण नंबर स्वच्छ करायच्या आधीच त्याला नटवायला जातो, म्हणून होतो. मधे जागा, पुढे अधिकचं चिन्ह, हे सगळं शेवटचं काम. आधी नुसते आकडे उरले पाहिजेत, मग ते मोजले पाहिजेत.

सुरुवातीलाच एक खुलासा. खाली फॉर्म्युल्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सेलमध्ये टाइप करताना नावं, सेलचे पत्ते आणि आकडे सगळं इंग्रजीत टाइप करायचं. म्हणजे 'लेन' दिसलं की एल-ई-एन, 'मिड' दिसलं की एम-आय-डी. फक्त अवतरणचिन्हांतला मराठी शब्द मराठीत टाइप केला तरी चालतो. नमुन्याचा नंबर सगळीकडे १२३४५६७८९० हाच आहे. देशाचा कोड ९१ आणि त्यापुढे दहा आकडे असा हिशेब धरलाय. तुमच्या यादीत दुसरा कोड असेल, आकडे नऊ किंवा आठ असतील, तर फॉर्म्युल्यातले ते दोन आकडे बदला, आणि शेवटी नटवताना पाच-पाचची फोडही.

आधी रोग कोणता ते बघा

कॉलम रुंद करा आणि अलाइनमेंटला हात न लावता नुसतं बघा. आकडा म्हणून साठवलेला नंबर सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, मजकूर म्हणून साठवलेला डावीकडे. एकाच कॉलममध्ये काही डावीकडे, काही उजवीकडे दिसले, तर अर्धं निदान तिथेच झालं. कुणीतरी आधीच सगळा कॉलम मध्यभागी आणून ठेवला असेल तर ही खूण पुसली जाते; तेव्हा शेजारी =इझनंबर(ए२) टाकून बघा. ट्रू आलं तर आकडा, फॉल्स आलं तर मजकूर.

मग लांबी मोजा.

=लेन(ए२)

डोळ्यांना दहा आकडे दिसतायत आणि उत्तर १२ येतंय, तर दोन अक्षरं अदृश्य आहेत. ती कोणती हे अंदाजाने ठरवू नका, विचारा. हा फॉर्म्युला पहिल्या अक्षराचा युनिकोड क्रमांक सांगतो:

=युनिकोड(लेफ्ट(ए२,१))

मोबाइलच्या संपर्क यादीतून किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या नंबरांवर मला इथे अनेकदा ८२३४ मिळालंय. हे मजकुराची दिशा सांगणारं अदृश्य चिन्ह. त्याची जोडी ८२३६ बहुधा शेवटी बसलेली असते, म्हणून दोन अक्षरं जास्त. वेबपानावरून उचललेल्या नंबरात १६० सापडतं. दिसायला साधी जागा, पण ती न तुटणारी जागा असते. डॅशचेही प्रकार आहेत: ८२०९ हा न तुटणारा हायफन, ८२११ हा किंचित लांब डॅश. कीबोर्डवरचा साधा हायफन काढणारा फॉर्म्युला या दोघांकडे ढुंकूनही बघत नाही. इथे युनिकोडच वापरा, जुना कोड फॉर्म्युला नको. ८२३४ सारख्या अक्षरांना एक्सेलचा कोड फॉर्म्युला ६३ म्हणतो, म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह.

ट्रिम आणि क्लीन लावून बघितलं, काही झालं नाही, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. त्यात चूक फॉर्म्युल्याची नाही. ट्रिम फक्त साधी, ३२ क्रमांकाची जागा ओळखतो. क्लीन फक्त ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रण-अक्षरं काढतो. १६० आणि ८२३४ या दोघांच्याही हद्दीबाहेर.

शोधा-बदला का नको

कंट्रोल-एच दाबून हायफन उडवायचा मोह होतो, आणि पहिल्या दहा ओळींत तो छान चालतोही. पण ०१२३४-५६७८९० मधला हायफन असा काढला की एक्सेल उरलेला मजकूर नव्याने भरल्यासारखा वाचतं, त्याला आकडा समजतं आणि पुढचं शून्य टाकून देतं. देशाचा कोड असा उडवणं तर त्याहून वाईट. ९११२३९१४५६७८ या नंबरातून '९१' शोधून रिकामं केलं की हातात १२३४५६७८ उरतं. पुढचं ९१ गेलं ते बरं झालं, पण मधलंही ९१ गेलं. आठ आकडी नंबर तयार, आणि कुठेही लाल खूण नाही. सबस्टिट्यूट(ए२,"९१","") हा फॉर्म्युलाही अगदी हाच घोळ घालतो.

कंट्रोल-ई, म्हणजे फ्लॅश फिल, २०१३ पासून एक्सेलमध्ये आहे. दोन नमुने दिले की बाकीचे आपोआप. मला तो आवडतो, पण फोन नंबरांवर मी वापरत नाही. तो अंदाज बांधतो, अंदाज कुठे चुकला ते सांगत नाही, आणि मूळ कॉलम बदलला तरी त्याने भरलेलं तसंच राहतं.

तीन कॉलम, आणि पहिल्याला हात लावायचा नाही

ए कॉलममध्ये आलेला माल, जसा आला तसा. बी मध्ये नुसते आकडे. सी मध्ये तपासलेला नंबर किंवा 'तपासा' हा शेरा. चौथा, दाखवायचा कॉलम लागला तर शेवटी. एवढ्या कॉलमांचा पसारा नको म्हणून लोक सगळं एका लांबलचक फॉर्म्युल्यात कोंबतात, आणि मग नेमकं कुठे बिघडलं ते त्यांनाही सापडत नाही. काम झालं की मधले कॉलम लपवा, पण ठेवा.

बी कॉलम: नुसते आकडे

जुनं एक्सेल असेल तर सबस्टिट्यूटच्या पोटात सबस्टिट्यूट हाच मार्ग:

=सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(ए२," ",""),"-",""),"(",""),")",""),"+",""),युनिकॅर(१६०),"")

युनिकॅर म्हणजे यु-एन-आय-सी-एच-ए-आर. तो २०१३ पासून आहे. आत साधी जागा, हायफन, दोन कंस, अधिक आणि १६० असे सहा थर झाले. ८२३४ आणि ८२३६ साठी आणखी दोन थर चढवावे लागतील. हा मार्ग चालतो, पण तुम्हाला माहीत असलेलाच कचरा तो काढतो. उद्या कुणी नंबरात टिंब टाकलं की सातवा थर.

म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. काय काढू याऐवजी काय ठेवू? फक्त आकडे ठेवायचे, बाकी जे असेल ते जाऊ दे. गूगल शीट्समध्ये हे एका ओळीत होतं:

=रेजेक्सरिप्लेस(ए२&"","\डी","")

दुसऱ्या अवतरणात उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल डी. अर्थ, आकडा नसलेलं काहीही. ए२ ला चिकटवलेलं &"" विसरू नका. ते नसेल तर मजकुराचे नंबर नीट होतात आणि आकडा म्हणून साठवलेल्या नंबरांवर एरर येते, कारण या फॉर्म्युल्याला मजकूरच लागतो. लिब्रेऑफिसमध्ये रेजेक्स नावाचा फॉर्म्युला आहे. त्याला चौथी किंमत "जी" द्यावी लागते, नाहीतर तो पहिलंच नको असलेलं अक्षर काढून स्वस्थ बसतो.

आता देवनागरी आकडे. आपल्याकडच्या याद्यांत हे येतातच. फॉर्म भरणाऱ्याने मराठी कीबोर्डवरून १२३४५६७८९० असं भरलं, तर ते आपल्याला आकडे, पण वरच्या शीट्सच्या फॉर्म्युल्याला 'आकडा नसलेलं काहीही'. तो दहाच्या दहा पुसून टाकतो आणि बी कॉलम रिकामा. एरर नाही, शेरा नाही. एका यादीत काही सभासदांचे फोनच नाहीत असं मी बराच वेळ समजत होतो. मूळ कॉलम उघडून बघितला तेव्हा कळलं की त्यांनी नंबर दिला होता, तो मीच पुसला होता.

युनिकोडमध्ये इंग्रजी ० चा क्रमांक ४८ आणि ९ चा ५७. देवनागरी शून्य २४०६ आणि देवनागरी नऊ २४१५. दोन्हीकडे आकडे ओळीने आहेत, म्हणून क्रमांकातून पहिला क्रमांक वजा केला की अंक हातात येतो. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत (२०२१ किंवा ३६५) मी सध्या हाच फॉर्म्युला सगळीकडे लावतो:

=इफ(ए२="","",लेट(एम,मिड(ए२,सीक्वेन्स(लेन(ए२)),१),यू,इफएरर(युनिकोड(एम),०),कॉनकॅट(इफ((यू>=४८)*(यू<=५७),यू-४८,इफ((यू>=२४०६)*(यू<=२४१५),यू-२४०६,"")))))

वाचायला भीतीदायक, पण करतो एवढंच: मिड आणि सीक्वेन्स मिळून नंबराचं एकेक अक्षर सुटं करतात. युनिकोड प्रत्येकाचा क्रमांक सांगतो. क्रमांक इंग्रजी आकड्यांच्या पट्ट्यात असेल तर ४८ वजा, देवनागरीच्या पट्ट्यात असेल तर २४०६ वजा, नाहीतर काहीच नाही. कॉनकॅट उरलेलं जोडतो. एम आणि यू ही मी दिलेली नावं आहेत, एकेका इंग्रजी अक्षराची. तुम्ही दुसरी द्या, फक्त आर आणि सी ही दोन अक्षरं नावं म्हणून चालत नाहीत. इफएरर घातलाय तो हौशी लोकांसाठी, जे नंबराआधी फोनचं रंगीत चित्र टाकतात. ते चित्र मिडच्या हातून दोन तुकड्यांत फुटतं आणि युनिकोड गोंधळतो. सुरुवातीचा रिकाम्या सेलचा इफ काढू नका, नाहीतर नंबर नसलेल्या प्रत्येक ओळीत एरर उभी राहील.

शीट्समध्ये एवढं करायचं नसेल तर आधी दहा सबस्टिट्यूट लावून प्रत्येक देवनागरी आकडा इंग्रजी करा, मग रेजेक्सरिप्लेस. कंटाळवाणं आहे, पण एकदाच लिहायचं आहे.

सी कॉलम: इथे घाई करू नका

बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की उजवीकडचे दहा आकडे घ्या, झालं.

=राइट(बी२,१०)

पुढे ० असो, ९१ असो, ००९१ असो, सगळं सुटतं. सल्ला खोटा नाही, पण या फॉर्म्युल्याला तक्रार करता येत नाही. नंबर नऊच आकड्यांचा असेल तर तो नऊ देतो. एका सेलमध्ये तिरकी रेघ मारून दोन नंबर लिहिले असतील, तर बी मध्ये त्यांचे वीस आकडे चिकटलेले असतात आणि हा गुपचूप दुसरा नंबर उचलतो. दुसरा नंबर बहुधा घरातल्या दुसऱ्या कुणाचा असतो. निरोप गेला, पण भलत्याकडे.

'पुढे ९१ असेल तर काढा' हा उलट बाजूचा उपायही तितकाच कच्चा. ज्याचा स्वतःचा दहा आकडी नंबरच ९१ ने सुरू होतो त्याचे आठ आकडे उरतात. आधी लांबी, मग सुरुवात, हा क्रम सोडायचा नाही. मी हे वापरतो:

=इफ(बी२="","",इफ(ऑर(अँड(लेन(बी२)=१०,लेफ्ट(बी२,१)<>"०"),बी२="०"&राइट(बी२,१०),बी२="९१"&राइट(बी२,१०),बी२="००९१"&राइट(बी२,१०)),राइट(बी२,१०),"तपासा"))

युक्ती साधी आहे. शेवटचे दहा आकडे घ्या, त्यांच्यापुढे ० किंवा ९१ किंवा ००९१ लावा, आणि बघा मूळ नंबर तंतोतंत तोच होतो का. होत असेल तर नंबर खरा. कमी आकडे, जास्त आकडे, दोन नंबर, दुसऱ्या देशाचा कोड, या सगळ्यांना 'तपासा' मिळतं. दहा आकडी असूनही शून्याने सुरू होणाऱ्याला मी मुद्दाम अडवलंय. तिथे बहुतेक वेळा पुढे शून्य लावून मागचा एक आकडा टाइप करायचा राहिलेला असतो. 'तपासा' किती आले ते बघायला:

=काउंटइफ(सी:सी,"तपासा")

हा आकडा शून्य आला तर मला आनंदापेक्षा संशय जास्त येतो. खऱ्या यादीत दोन-चार तरी निघतातच.

एक छिद्र उरतं, तेही सांगून ठेवतो. नंबरानंतर कुणी दोन आकडी एक्स्टेंशन लिहिलं, आणि नंबर स्वतः ९१ ने सुरू होणारा असला, तर एकूण बारा आकडे आणि सुरुवात ९१, म्हणजे फॉर्म्युला फसतो. क्वचित घडतं. यादी कार्यालयांची असेल तर मूळ कॉलममध्ये अक्षरं आहेत का एवढं फिल्टरने डोळ्याखालून घाला.

दुसऱ्या देशांतले नंबर यादीत असतील तर त्यांना दहाच्या साच्यात बसवायचा खटाटोप करू नका. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या शिफारशीनुसार देशाचा कोड धरून नंबरात जास्तीत जास्त १५ आकडे असतात, आणि देशाचा कोड एक ते तीन आकड्यांचा. अशा ओळींसाठी वेगळा कॉलम ठेवून त्यात देशाचा कोड हाताने भरणं कमी त्रासाचं. योगायोग बघा, एक्सेलही आकड्याचे १५च अंक नेमके लक्षात ठेवतं, सोळाव्यापासून पुढे सगळी शून्यं.

आता नटवा

सी कॉलम शुद्ध झाला की दिसणं काय, पाहिजे तसं करा.

=इफ(ऑर(सी२="",सी२="तपासा"),सी२,"+९१ "&लेफ्ट(सी२,५)&" "&राइट(सी२,५))

हे +९१ १२३४५ ६७८९० देतं. तीन-तीन-चार अशी फोड हवी असेल तर मधल्या तीनांसाठी मिड(सी२,४,३). नुसती मधली जागा पुरेशी असेल तर त्याहून सोपं, =टेक्स्ट(सी२,"००००० ०००००").

फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन कस्टममध्ये ००००० ००००० लिहिलं तरी पडद्यावर तेच दिसतं, म्हणून पुष्कळ लोक तिथेच थांबतात. त्या फॉरमॅटने फक्त कपडे बदलतात. आत १२३४५६७८९० हाच आकडा राहतो, आणि वर्डच्या मेल मर्जमध्ये तो बिनकपड्यांचा उघडा येतो. शिवाय सेलमध्ये मजकूर असेल तर कस्टम फॉरमॅट त्याला शिवतही नाही. अर्ध्या ओळींवर लागू होतो, अर्ध्यांवर नाही, आणि आपण एक्सेलला शिव्या देतो.

फॉर्म्युला लिहिला आणि उत्तराऐवजी फॉर्म्युलाच दिसतोय? तो सेल टेक्स्ट फॉरमॅटचा आहे. जनरल करा, सेलवर एफ२ दाबा, एंटर मारा. नुसतं जनरल करून भागत नाही. आणि ए कॉलम उडवायचाच असेल तर आधी सी कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज म्हणून चिकटवा.

अधिक चिन्हाची गंमत

उणे चिन्हाचा नंबर कुठून येतो? सेलमध्ये कुणी +९१-१२३४५६७८९० टाइप केलं की एक्सेलला वाटतं हे गणित आहे. एक्क्याण्णवातून एक अब्ज तेवीस कोटी आणि वर काही वजा करा. उत्तर -१२३४५६७७९९. सेल निवडून वरच्या फॉर्म्युला पट्टीत बघितलं तर मूळ टाइप केलेलं दिसतं. पण कुणी ते व्हॅल्यूज म्हणून चिकटवून पाठवलं असेल तर फक्त उणे आकडा उरतो. हा बिघाड मात्र पुरता दुरुस्त होतो, कारण गणित उलटं करता येतं:

=९१-ए२

पुन्हा १२३४५६७८९०. बी कॉलमच्या आधी अशा ओळी =ए२<० ने शोधून वेगळ्या करा. तसं केलं नाही तर आकडे ठेवणारा फॉर्म्युला उणे चिन्ह पुसेल, दहा आकडे उरतील, तपासणीतही ते पास होतील, आणि तुमच्याकडे अगदी खऱ्यासारखा दिसणारा चुकीचा नंबर असेल. हे मी एकदा केलंय. शेवटचे तीन आकडे सोडले तर बाकी सगळं बरोबर होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंबर समोर दिसतो, तरी सापडत नाही

दोन याद्या जुळवताना व्हीलुकअप (एका यादीतली किंमत दुसरीत शोधणारा फॉर्म्युला) एरर देतो, डोळ्यांना मात्र दोन्हीकडे एकच नंबर दिसतो. एकीकडे तो आकडा आहे, दुसरीकडे मजकूर. व्हीलुकअपला हे दोन वेगळे. गोंधळ वाढवायला काउंटइफ या दोघांना एकच मानतो, म्हणून त्याने मोजलं तर उत्तर १ येतं. 'आहे पण सापडत नाही' असं झालं की दुसरं काही शोधत बसू नका, हेच आहे. आपला सी कॉलम नेहमी मजकूर देतो. समोरची यादी आकड्यांची असेल तर शोधताना सी२ च्या जागी व्हॅल्यू(सी२) लिहा; उलट असेल तर आकड्याला &"" चिकटवा. बरं म्हणजे दोन्ही याद्यांवर तेच बी आणि सी कॉलम चालवा आणि सी ची गाठ सी शी घाला.

जे परत येत नाही

वरचं सगळं दुरुस्त होतं. हे होत नाही. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) डबल क्लिक केलं की एक्सेल बहुतेक वेळा विचारत नाही, थेट उघडतं. सुरुवातीची शून्यं त्याच क्षणी जातात. देशाचा कोड धरून नंबर बारा आकड्यांचा असेल तर जनरल फॉरमॅटमध्ये तो ९.११२३५ई+११ असा दिसतो, कारण अकरा आकड्यांच्या पुढे एक्सेल घातांकाची भाषा सुरू करतं. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं, आत पूर्ण नंबर शाबूत असतो. फॉरमॅट नंबर करून दशांश शून्य केले की दिसतो.

पण तशीच कंट्रोल-एस दाबून सीएसव्ही जतन केली, तर फाइलमध्ये पडद्यावर दिसतं तेच लिहिलं जातं. पुन्हा उघडल्यावर मिळतो ९११२३५००००००. शेवटचे सहा अंक गेले, म्हणजे दहा लाख वेगवेगळे नंबर या एका आकड्यात मावतात. असा कॉलम आला की खूण एकच, सगळ्या नंबरांच्या शेपटीला सहा शून्यं. यावर फॉर्म्युला नाही. मूळ फाइल मागवा. समोरचा म्हणेल मी तर फक्त उघडून बघितली. त्याच्याशी वाद घालू नका, पुन्हा एक्सपोर्ट करायला सांगा.

उघडायची रीत अशी. एक्सेलमध्ये रिकामी फाइल उघडा, डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', मग ट्रान्सफॉर्म. तिथे उघडणाऱ्या पॉवर क्वेरीने (बाहेरचा डेटा आत घेण्याची एक्सेलची सोय) आपणहून घातलेली 'चेंज्ड टाइप' ही पायरी उजवीकडच्या यादीतून काढा आणि फोनच्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट करा. ३६५ मध्ये ऑप्शन्सच्या डेटा भागात आपोआप होणारी रूपांतरं बंद करायची सोयही आहे. शून्य काढणं आणि लांब आकड्यांना घातांकात नेणं, दोन्हीवरची खूण काढून टाका. गूगल शीट्समध्ये इंपोर्ट करताना मजकुराचे आकडे, तारखा आणि फॉर्म्युले करण्याचा एक चौकोन असतो, तो रिकामा ठेवा. लिब्रेऑफिस सीएसव्ही उघडताना स्वतःच खिडकी दाखवतं. खालच्या नमुन्यात फोनच्या कॉलमवर क्लिक करून प्रकार टेक्स्ट निवडा.

कॉलम आधी टेक्स्ट करून मग नंबर भरले तर शून्य राहतं. शून्य गेल्यावर कॉलम टेक्स्ट केला तर ते परत येत नाही. आणि नुसती एखादी फाइल बघायचीच असेल, तर मी ती नोटपॅडमध्ये उघडतो.